उघड्या पोटाची घंटा

मिसाओ ताकेबेच्या हाताला लागलेली वस्तू कोरी राहत नाही, असं आमच्या ताकाओका गावात सगळे म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे. शिंपल्याचे कागदाहून पातळ पापुद्रे कापायचे आणि रोगणात बसवायचे, हा तिचा धंदा. काळ्याभोर डब्यांवर निळी-हिरवी पाखरं बसवून ती दुकानात धाडते, इथवर ठीक. पण उरलेले तुकडे तिच्याच्याने फेकवत नाहीत. म्हणून नवऱ्याच्या चष्म्याच्या दांड्या झाल्या, भाताच्या कुकरचं झाकण झालं, बर्फ ओढायच्या फावड्याची मूठ झाली. स्कूटरच्या मागच्या दिव्याखाली तिने एक मासा बसवला, तर सिग्नल सुटला तरी मागचे लोक मासाच बघत उभे. साठी ओलांडलेली बाई, पण नवीन काही सुचलं की जेवणाचं भान राहत नाही आणि तोंडाचा पट्टा थांबत नाही.

तिचा नवरा शिगेझो अगदी उलटा. दिवसातून दहा वाक्यं बोलला तर त्या दिवशी ताप आहे समजावं. रोगणाचं काम त्याचं. लाकडावर कापड चिकटवायचं, त्यावर मातीचे थर, मग उरुशी झाडाच्या चिकाचं रोगण, एकावर एक हात. पाया झाला की वस्तू मिसाओकडे, तिने शिंपलं बसवलं की परत त्याच्याकडे, वरचे हात आणि घासाई. लग्न झाल्यापासून वस्तू अशा या खोलीतून त्या खोलीत जातायत, आणि बरीचशी भांडणंही त्याच वाटेने मिटतात.

ही गोष्ट सुरू झाली ती योनेझावांच्या घरी. नोव्हेंबरात आमच्याकडे घरोघर होओन्को असतो. आपल्या पंथाच्या गुरूंची आठवण काढायची, पाठ म्हणायचा आणि मग सगळ्यांनी मिळून अळकुड्या आणि लाल अझुकीची उसळ खायची. जेवणं झाली आणि योनेझावांच्या बाईंनी कपाटातून एक लाकडी पेटी आणली. दोरी सोडली, पिवळं कापड उलगडलं, आत तबक. त्यांच्या लग्नात मिसाओनेच करून दिलेलं, त्यावर बगळ्यांची जोडी.

"बघा मिसाओसान," बाई अभिमानाने म्हणाल्या, "एकदासुद्धा वापरलं नाही. अगदी तुम्ही दिलंत तसंच्या तसं."

सगळ्यांनी वा वा केलं. मिसाओने वाकून आभार मानले, तबक परत कापडात जाताना पाहिलं, आणि घरी येईपर्यंत तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"कौतुक केलं त्यांनी," शिगेझो म्हणाला.

"कौतुक? अहो, माझी पोरं कपाटात कोंडून ठेवलीत, आणि वर मलाच सांगतायत की बघा, एकदाही रडली नाहीत."

खरंच होतं ते. या दोघांनी आयुष्यभर केलेलं काम आज गावभरच्या कपाटांत, पेट्यांत, पिवळ्या कापडांत निजलेलं आहे. ज्याला जितकं आवडलं, त्याने तितकं खोल ठेवलं. मिसाओला हे आधी कधी खुपलं नव्हतं असं नाही, पण त्या रात्री ते पायात काटा मोडावा तसं आत मोडून राहिलं. तिला एकच हवं होतं: तिचं शिंपलं रोज कुणाच्या तरी हाताखाली यावं.

आणि मग अंथरुणावर पडल्या पडल्या तिला आठवलं की योनेझावांच्या घरात एक वस्तू होती, जिला आलेल्या प्रत्येकाने हात लावला. देव्हाऱ्यापुढची रिन. वाटीसारखी काशाची घंटा, छोट्या उशीवर ठेवलेली. आल्या आल्या गुडघे टेकायचे, लाकडी दांडीने ती एकदा वाजवायची, घरातल्या गेलेल्या माणसांना हात जोडायचे. श्रीमंत असो, गरीब असो, रोज सकाळी भाताचा पहिला घास देव्हाऱ्यात ठेवला की रिन वाजतेच. ती कुणी पेटीत ठेवत नाही.

सकाळी उठून तिने केसही नीट विंचरले नाहीत. थेट ओताऱ्यांच्या गल्लीत.

ओताऱ्यांची आणि रोगणवाल्यांची आमच्या गावात जुनी खेच आहे. कासं-पितळ ओतणाऱ्यांना वाटतं रोगणवाले नुसते रंगारी, आणि रोगणवाल्यांना वाटतं ओतारी म्हणजे आगीपुढे बसून बहिरे झालेले लोक. यातल्या तोकुजी काजियामाला मात्र बहिरा म्हणून चालणारच नाही, कारण त्याचं कामच कानाचं. ओतून आलेली रिन तो मांडीत घेतो, कडेला हातोडीने बारीक बारीक ठोके देतो, ऐकतो, परत ठोके देतो, आणि तिला सूर लावतो. त्याने मान हलवली तरच रिन दुकानात जाते. वयाने शिगेझोहून मोठा, बायको फुसा जाऊन बरीच वर्षं झालेली, घर आणि कामाची जागा एकच.

"आज काय चिकटवायला आलीस?" तोकुजीने वर न बघताच विचारलं.

"रिनवर शिंपलं."

त्याने हातोडी खाली ठेवली. "मिसाओसान, गाणाऱ्या बाईच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि वर तिला दागिने घालायचे, असा बेत आहे का तुझा?"

"बोळा कुठे कोंबतेय मी? अंगावर नुसतं नेसवायचं."

"रोगणवाले तुम्ही. तुमच्या हाती दगड दिला तरी त्यावर थर चढवून मोकळे व्हाल. आवाज मरतो त्याने. कासं मोकळं असलं तरच बोलतं."

"तुम्ही ओतारी. पिवळ्यापलीकडे रंग असतो हे तरी माहीत आहे का तुम्हाला?"

शेजारच्या भट्टीवरून कुणीतरी खो खो हसलं. तोकुजी हसला नाही. मिसाओ मात्र तिथेच बसकण मारून राहिली. चहा आला तो प्यायली, त्याला कामात दिवा सरकवून दिला, मधूनमधून बोलत राहिली, आणि दुपारपर्यंत तोकुजीला कळून चुकलं की ही बाई आज रिकाम्या हाताने उठत नाही. त्याने फळीवरून एक रिन काढली, तळहाताएवढी, आणि उशीवर ठेवून एकदा वाजवली.

आवाज आधी सुईसारखा निघाला, मग रुंद झाला, आणि मग लाटा होऊन लांब लांब जात राहिला. मिसाओच्या अंगावर शहारा आला.

"माझ्या चांगल्यांतली आहे," तोकुजी म्हणाला. "घेऊन जा. वाजली तर बघू. नाही वाजली, तर दुसरी मागायची नाही. आणि मी नाही म्हटल्यावर या गल्लीत तुला दुसरं कुणी देणार नाही, हे तुला ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं. ती रिन छातीशी धरून ती चालतच घरी आली. स्कूटर गल्लीतच विसरली.

मग ताकेबेंच्या घरात जे सुरू झालं त्याला काम म्हणावं की लग्नघर म्हणावं. काशावर रोगण लाकडावर बसतं तसं बसत नाही, ते भट्टीत भाजून चिकटवावं लागतं. लोखंडी किटल्यांना रोगण द्यायची शिगेझोची एक छोटी भट्टी होती, तिच्यातली कोळिष्टकं निघाली. बाहेरून त्याने अगदी पातळ हात दिले, आरपार दिसेल इतके. मिसाओ तोवर शिंपली निवडत होती. गोगलगाईसारख्या कानशिंपल्याचा पापुद्रा एका अंगाने धरला तर निळा, फिरवला तर हिरवा, आणखी फिरवला तर जांभळा. ती एकेक तुकडा खिडकीपाशी नेऊन फिरवायची आणि स्वतःशीच हसायची.

काय काढायचं हे तिचं आधीच ठरलं होतं. वसंतात आमच्या खाडीत काजव्यासारख्या चमकणाऱ्या माकुळ्या किनाऱ्याला लागतात आणि पाण्याच्या कडेला निळा जाळ पेटतो. तो निळा जाळ तिला रिनच्या बुडापासून वर चढवायचा होता, खाली दाट, वर विरळ. पण गोल पोटावर अखंड तुकडा बसेना. एक कड दाबली की दुसरी उठायची. तेव्हा तिने पापुद्रा पातळ कागदावर चिकटवला आणि पेन्सिलीभोवती गुंडाळला. करकर करत त्याला केसाएवढ्या शेकडो भेगा पडल्या. जुनीच रीत ही, पण घंटेसाठी जणू आजच सुचली. तुटलेलं शिंपलं कापडासारखं वाकलं आणि रिनच्या अंगाला जाऊन मिठी मारल्यासारखं बसलं.

"अहो, इकडे या. बघा. बघा म्हणते ना."

शिगेझो आला, बघितलं, आणि म्हणाला, "हं." त्याच्या तोंडचा तो "हं" म्हणजे दुसऱ्याचा सत्कार समारंभ. त्या आठवड्यात दोघं रोज बाजारच्या शेवया खाऊन राहिली, कारण तांदूळ भिजवायची आठवणच कुणाला नव्हती.

शेवटी शिगेझोने आतलं पोट केलं. मातीचा बारीक थर, त्यावर रोगण, आणि वर शेंदरी रंग, तळव्याने घासून आरशासारखा. हे कर असं कुणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती. बाहेर निळा उजेड, आत शेंदरी पोट. मिसाओला तर ती मांडीवरून खाली ठेववेना. रोगण पुरतं मुरल्याशिवाय ठोकायचं नाही हा शिगेझोचा कायदा, म्हणून तिने ती वाजवून पाहिली नव्हती. आणि मुरल्यावरही तिने हात आवरला. पहिला आवाज तोकुजीने ऐकायचा, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

ती रिन घेऊन गेली त्या दिवशी ओताऱ्यांच्या गल्लीत निम्मी माणसं भट्ट्या सोडून तोकुजीच्या दारात आली. रिन हातोहात फिरली. "ही कसली, ही तर समुद्रच आहे," एक म्हातारा म्हणाला. तोकुजीनेही ती उजेडात फिरवून पाहिली आणि "सुंदर आहे" असं स्वच्छ म्हटलं. मिसाओचे पाय जमिनीला लागत नव्हते. मग त्याने ती उशीवर ठेवली आणि दांडीने ठोका दिला.

ठप.

त्याने परत दिला. ठप. लाकडाच्या वाडग्यावर चमचा आपटावा तसा आवाज. वरच्या कडेजवळचे शिंपल्याचे दोन कण तेवढे उडून उशीवर पडले.

"भात छान गरम राहील यात," मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. तोकुजी हसला नाही, तेच जास्त लागलं. त्याने रिन तिच्या हातात दिली. "सांगितलं होतं मी तुला," एवढंच म्हणाला, आणि दुसरी रिन मांडीत घेऊन कामाला लागला.

मिसाओ वाकली, बाहेर आली, आणि स्कूटर पुलापर्यंत ढकलतच नेली, कारण डोळ्यांतल्या पाण्यामुळे रस्ता दिसत नव्हता. रिन गेली याचं दुःख होतंच. पण खरं दुःख हे की दार बंद झालं. आता परत तबकं आणि डबे, परत पेट्या, परत पिवळी कापडं.

घरी येऊन ती आपल्या देव्हाऱ्यापुढे बसली. गेलेल्या सासू-सासऱ्यांना काय सांगायचं हेही तिला सुचेना. सवयीने तिने घरची साधी रिन वाजवली आणि रागारागाने बोट टेकवून आवाज बंद केला. बोट आतल्या कडेला लागलं होतं. आवाज कापल्यासारखा तुटला. तिने परत वाजवली. या वेळी बोट बाहेरून, खाली बुडाशी लावलं. आवाज चालूच राहिला. तिने बोट हळूहळू वर सरकवलं. कडेपाशी आल्यावर आवाज चिरडला. तिने परत आतून करून पाहिलं, आवाज परत तुटला. आता ती दुःख वगैरे विसरली होती. घरात नुसता टण टण टण असा धुमाकूळ.

"कोण गेलं?" शिगेझो हातात ब्रश घेऊन धावत आला.

"कुणी गेलं नाही. अहो, आतून रोगण का दिलंत तुम्ही?"

"म्हणजे काय?" त्याला प्रश्नच कळेना. "दोन्ही अंगांनी द्यायचं असतं. एकच बाजू रंगवली तर वस्तू ओढ घेते, वाकडी होते. वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते मला. पोट उघडं ठेवलेली वस्तू या घरातून बाहेर पडलेली नाही."

"कशाने वाकते?"

"लाकूड ओढ घेतं ना, त्याने."

मिसाओने ती शेंदरी पोटाची रिन त्याच्यापुढे धरली. शिगेझोचं तोंड अर्धवट उघडं राहिलं, मग मिटलं, आणि मग तो खाली बसला.

"कासं आहे ते," तो हळूच म्हणाला.

"कासं आहे, आणि आपण त्याला थंडी वाजेल म्हणून आतून स्वेटर घातला."

तो हसायला लागला. हा माणूस असा हसतो हे मिसाओलाही ठाऊक नव्हतं; चष्मा काढून, डोळे पुसून, परत बघून परत हसत होता. दोष एकट्याचा नव्हताच. तिनेही ते शेंदरी पोट कौतुकाने कुरवाळलं होतं, आणि तिच्याही मनात क्षणभर शंका आली नव्हती. हात शिकलेले असले की डोकं विचारायचं सोडून देतं, ते असं.

पण हसून रोगण निघत नाही. एकदा धरलं की सोडत नाही, ही आमच्या रोगणाची शेखी, आणि तीच आता अंगाशी आली. लोखंडी हत्यार लावलं तर कासं ओरबाडून सूर बिघडणार. म्हणून बांबूची पट्टी, कोळसा आणि पाणी. खरवडायचं काम शिगेझोने कुणाला करू दिलं नाही. आयुष्यभर ज्या हातांनी थर चढवले त्याच हातांनी तो ते उतरवत बसला, पुटपुटत, मध्येच मान हलवत. मिसाओने बाहेरून कडेजवळचं शिंपलं काढून वरची पट्टी मोकळी केली. जसजसं पोट उघडं पडत गेलं, तसतशी तिची बोटं शिवशिवायला लागली. एकदा नवरा चहाला उठला तेव्हा तिने नखाने हळूच टिचकी मारली. काहीतरी उत्तर आलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

या खेपेला शिगेझोही बरोबर गेला, पण दारातच थांबला.

"ठरलं होतं आपलं," तोकुजी तिला बघून म्हणाला. "दुसरी मिळणार नाही."

"दुसरी मागायला नाहीच आले. तुमचीच आहे, ती परत आणलीय."

तोकुजीने रिन घेतली, उलटी करून आत पाहिलं. शेंदरी गेलं होतं, पिवळं कासं उघडं पडलं होतं, थोडं मळकट, थोडं चरे पडलेलं.

"हे कुणी खरवडलं?"

"यांनी."

तोकुजीने दाराकडे बघितलं. "शिगेझो? तू एक बाजू कोरी ठेवलीस? अरे, तब्येत बरी आहे ना तुझी?"

शिगेझोने पायांकडे पाहिलं. "वाजव आता," तो म्हणाला.

तोकुजीने रिन उशीवर ठेवली आणि दांडीने ठोका दिला.

आवाज निघाला. गोल निघाला, खोलीभर पसरला, भिंतीला लागून परत आला, आणि मग लाटा सुरू झाल्या, एकीमागून एक, लांब, आणखी लांब. मिसाओला वाटलं आता आपण ओरडणार. तिने दातांखाली ओठ धरला. तोकुजीने डोळे मिटले होते. शेवटची लाट विरली तरी त्याने ते उघडले नाहीत. मग न बघताच त्याने परत एकदा वाजवली आणि परत शेवटपर्यंत ऐकली.

"बदललाय," तो म्हणाला.

मिसाओ पुढे सरकली. "काय बदललंय?"

"टोक गेलं. सुरुवातीचं. शेपूट आहे तेवढीच आहे, पण आधी जे टोचायचं ते गेलं."

"म्हणजे वाईट झालं का?"

तो उठला आणि रिन घेऊन आतल्या घरात निघून गेला. दोघं नवरा-बायको बाहेर बसून राहिली. आत देव्हाऱ्याची दारं सरकल्याचा आवाज आला, काडी ओढल्याचा आवाज आला, उदबत्तीचा वास बाहेरपर्यंत आला. आणि मग त्या घराच्या आतून मिसाओची रिन वाजली. एकदाच. ती पुरती संपेपर्यंत तोकुजी बाहेर आला नाही.

आला तेव्हा त्याच्या हातात दुसरी रिन होती, जुनी, उदबत्तीच्या धुराने काळवंडलेली. त्याने ती मिसाओपुढे ठेवली.

"ही फुसाची," तो म्हणाला. "ती गेली तेव्हा मीच केली होती, घाईघाईत. टोक फार टोचतं हिचं. रोज सकाळी वाजवतो आणि रोज वाटतं, तिला किती मोठ्याने हाक मारतोय मी. हातोडीने कमी करायला बघितलं, जमलं नाही. तू हिलाही तसंच कर. पोट उघडं ठेव."

"आणि ती आतली?" मिसाओने विचारलं.

"ती राहू दे तिथे. ही तू नेलीस तर उद्या सकाळी फुसाला काय वाजवू?"

मिसाओने तोंड उघडलं. सगळ्या गावाला जिच्या बोलण्याचा कंटाळा येतो, त्या बाईला एक शब्द सापडेना. ती जुनी रिन पोटाशी घेऊन नुसती रडत राहिली, आणि तिच्या वाट्याचे आभार मानायलाही शिगेझोच वाकला.